पिसवांचा हिशेब: कुत्र्यासाठी परवडणारं आणि लागू पडणारं औषध

मृग सरतो, भिंतींना ओल धरते आणि पंधरवड्यात कुत्री खाजवायला लागतात. मागचा पाय कानामागे, दात शेपटीच्या मुळाशी, रात्रभर साखळीचा आवाज. मग घरातलं कुणीतरी जनावरांच्या औषधांच्या दुकानात जाऊन विचारतं, "पिसवांवर काय आहे?" समोर शंभराच्या आतल्या साबणापासून दीड-दोन हजारांच्या गोळीपर्यंत सगळं येतं. दुकानदाराला कुत्र्याचं वजन माहीत नसतं, घरात मांजर आहे की नाही हे माहीत नसतं, आणि गिऱ्हाईकही ते सांगत नाही. खिशाला झेपेल ते उचललं जातं. तीन आठवड्यांनी कुत्रं पुन्हा खाजवतं आणि "औषध काही लागू पडत नाही" असा निकाल लागतो.

माझं मत आधीच सांगायला हवं. बहुतेक घरांना सर्वांत महाग औषधाची गरज नसते. वजनाप्रमाणे पुरी मात्रा, सलग तीन महिने आणि औषधाइतकंच लक्ष घराच्या कोपऱ्यांकडे, एवढं झालं तर मधल्या किमतीची औषधं उत्तम काम करतात. यातलं एक जरी सुटलं तरी महागातली गोळीसुद्धा निम्मी वाया जाते.

हे असं का, ते पिसूच्या आयुष्यात शिरल्याशिवाय कळत नाही. मादी पिसू कुत्र्याच्या अंगावर चढल्यावर काही मिनिटांत रक्त प्यायला लागते आणि दीड-दोन दिवसांत अंडी घालते. भरात असताना ती रोज ४०-५० अंडी देते. ही अंडी केसांना चिकटत नाहीत. कुत्रं जिथे झोपतं, अंग झाडतं, फिरतं, तिथे ती गळून पडतात. अळी उजेडाला घाबरते. पोत्याच्या घडीत, सोफ्याखाली, फरशीच्या फटीत, सारवलेल्या जमिनीच्या भेगेत ती दडते आणि मोठ्या पिसवांच्या वाळलेल्या रक्तमय विष्ठेवर वाढते. मग ती चिकट कोष विणते, त्याला धूळ आणि माती लागते आणि तो दिसेनासा होतो. हवामान जुळलं तर अंड्यापासून पिसूपर्यंतचा प्रवास तीन आठवड्यांत संपतो. नाही जुळलं तर कोषातली पिसू महिनोन्‌महिने थांबते आणि पावलांची धडधड, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की बाहेर उडी घेते. बंद ठेवलेलं गावाकडचं घर गणपतीत उघडलं की पहिल्याच संध्याकाळी घोट्यांना चावे सुरू होतात, ते यामुळेच.

पशुवैद्यकात एक ढोबळ वाटणी सांगतात: घरातल्या एकूण पिसवांपैकी मोठ्या झालेल्या, अंगावर दिसणाऱ्या अवघ्या ५ टक्के; १० टक्के कोषात, ३५ टक्के अळ्या आणि ५० टक्के अंडी. म्हणजे कुत्र्याच्या अंगावरची एकूण एक पिसू आज मारली तरी ९५ टक्के फौज घरात शाबूत असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसणाऱ्या पिसवा बहुतेकदा औषधाला पुरून उरलेल्या नसतात. त्या कोषातून नव्याने आलेल्या असतात. औषध अंगात टिकून असेल तर त्या चढतील तशा मरतात आणि दोन-तीन महिन्यांत घरातला साठा संपतो. एकच मात्रा देऊन थांबलं तर सगळं पहिल्यापासून.

ओलावा हा यातला मोठा भागीदार. हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली गेली की अळ्या सुकून मरतात. त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेचं कोरडं ऊन निम्मं काम फुकटात करतं आणि पावसाळा-हिवाळ्याच्या सांध्यात जोर वाढतो. कोकण, गोवा आणि मुंबई परिसरात हवा वर्षभर दमट, म्हणून तिथे पिसवांना सुट्टीच नसते. नागपूरच्या माणसाला पाच-सहा महिने औषध पुरेल, रत्नागिरीच्या माणसाने वर्षभराचा हिशेब धरावा.

औषध घेण्याआधी अंगावर नक्की काय आहे ते बघा. आपल्याकडे "किडे झालेत" या एका वाक्यात पिसवा, गोचीड आणि उवा सगळं येतं. पिसू तपकिरी, चपटी, केसांतून पळणारी आणि उडी मारणारी. गोचीड कातडीला तोंड रुतवून बसतो, कानात आणि बोटांच्या बेचक्यांत सापडतो आणि रक्त पिऊन तुरीच्या दाण्याएवढा फुगतो. पिसू दिसली नाही तरी तिचा पुरावा सापडतो. बारीक दातांची लिखांची फणी शेपटीच्या मुळाशी फिरवा आणि निघालेला काळा चुरा ओल्या पांढऱ्या कापसावर टाका. कापूस तांबूस झाला तर ते पचलेलं रक्त, म्हणजे पिसवा आहेत. तसाच काळा राहिला तर साधी माती. ही परीक्षा घरी कुणालाही करता येते आणि ती केल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत असं मला ठामपणे वाटतं, कारण काही औषधं फक्त पिसवांवर चालतात, काही गोचिडांवर, काही दोन्हींवर.

या फरकाची किंमत मोठी आहे. पिसवांमुळे खाज, केस जाणं, काही कुत्र्यांत लाळेच्या अ‍ॅलर्जीमुळे पाठीचा मागचा भाग सोलवटणं, लहान पिल्लांत रक्त कमी होणं आणि पिसू गिळल्यामुळे टेपवर्म हे जंत होतात. गोचिडांमुळे मात्र जिवावर बेततं: एर्लिकिया, बबेसिया यांसारखे रक्ताचे आजार, ज्यांना बोलीत सरसकट "टिक फीवर" म्हणतात, आपल्या शहरांत नेहमी दिसतात. दोन्ही असतील तर दोन्हींवर चालणारं औषधच घ्यावं. नुसत्या पिसवांचं स्वस्त औषध तिथे महागात पडतं.

पिसवा म्हटलं की जुन्या माणसांच्या मनात प्लेग येतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, आणि उंदराच्या पिसवांतून तो पसरतो हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवलं. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात लोकांनी आधी पिसवांच्या उपद्रवाची तक्रार केली आणि मग गाठी आलेले रुग्ण पुढे आले. पण ती उंदराची पिसू, झेनोप्सायला. आपल्या कुत्र्यांवर असते ती टेनोसेफॅलिडीस या वेगळ्या वंशातली. म्हणून घाबरून कुत्र्याला घराबाहेर काढण्याचं काही कारण नाही. उंदीर मरून पडताहेत आणि पिसवा वाढल्यात असं दिसलं, तर मात्र आरोग्य केंद्राला कळवलंच पाहिजे.

आता औषधांकडे. आपल्या बाजारात गेली वीस-पंचवीस वर्षं खरं ओझं वाहिलंय ते फिप्रोनिलने. हे औषध कीटकाच्या मज्जातंतूंतला आवरणारा संदेश बंद पाडतं, त्यामुळे पिसू अतिउत्तेजित होऊन मरते. कातडीतल्या तेलाच्या ग्रंथींत साठून ते हळूहळू केसांवर येत राहतं, म्हणून एकदा लावलं की महिनाभर टिकतं. पिसवांवर उत्तम आणि गोचिडांवर बरं चालतं. मूळ ब्रँड फ्रंटलाइन. आता अनेक भारतीय कंपन्या तेच औषध बनवतात आणि त्यांची नळी साधारण दोन-चारशे रुपयांच्या घरात मिळते. त्यातलं द्रव्य तेच आणि प्रमाण तेच असेल, तर नाव नवखं आहे म्हणून बिचकायचं कारण नाही.

फिप्रोनिल दोन रूपांत येतं, फवारा आणि मानेवर टाकायचे थेंब, ज्याला सगळे स्पॉट-ऑन म्हणतात. सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते फवाऱ्यात, म्हणून इथे जरा थांबतो. पाव टक्क्याच्या फवाऱ्याची मात्रा दर किलो वजनाला ३ ते ६ मिली आहे. फ्रंटलाइनच्या शंभर मिलीच्या बाटलीचा एक दाब म्हणजे अर्धा मिली. १५ किलोच्या आपल्या देशी कुत्र्याला ४५ ते ९० मिली लागतात, म्हणजे छोट्या बाटलीचे कमीत कमी नव्वद दाब. लोक करतात काय, तर पाठीवर पाच-सहा फवारे मारतात आणि बाटली वर्षभर पुरवतात. एवढ्याशा मात्रेत पिसवा मरत नाहीत, नुसत्या अस्वस्थ होतात. मग फवाऱ्याला नावं ठेवली जातात. फवारा उलट्या दिशेने केस उचलून, मुळापर्यंत अंग ओलं होईल इतका मारायचा असतो. पोट, पाय, शेपटीखालचा भाग सगळं. डोळ्यांजवळ हातमोज्यावर घेऊन चोळायचा. त्यात अल्कोहोल असतं, तेव्हा वाळेपर्यंत गॅस, देवापुढचा दिवा आणि अगरबत्तीपासून कुत्रं लांब ठेवायचं आणि काम उघड्यावर करायचं.

हे गणित मांडलं की निवड आपोआप स्पष्ट होते. लहान चणीचं कुत्रं किंवा पिल्लू असेल तर फवारा परवडतो. मोठ्या कुत्र्याला शंभर मिलीची बाटली एका वेळेलाच संपते, तिथे थेंबांची नळी स्वस्त पडते. नळ्या वजनाच्या टप्प्यांप्रमाणे येतात: १० किलोपर्यंत ०.६७ मिली, १० ते २० किलोला १.३४, २० ते ४० किलोला २.६८ आणि ४० ते ६० किलोला ४.०२ मिली. २२ किलोच्या कुत्र्याला १० ते २० ची नळी घेतली की पन्नास-शंभर रुपये वाचतात आणि पूर्ण औषध फुकट जातं. दुकानात जाण्याआधी कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभं राहा, मग स्वतःचं वजन वजा करा. उचलण्यासारखं नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात वजन करून घ्या.

थेंब टाकायची जागा म्हणजे मानेमागे, दोन खांद्यांच्या मधोमध, जिथे कुत्र्याची जीभ पोचत नाही. केस बाजूला सारून कातडीवर टाकायचे. केसांवर पडलेलं औषध निम्मं वाया जातं. आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस अंघोळ नाही, कारण ज्या तेलातून ते अंगभर पसरतं तेच साबणाने धुऊन निघतं. दर रविवारी साबणाने खसाखसा धुणाऱ्या घरांत थेंब महिनाभर टिकणं कठीण. अशा घरांनी अंघोळ महिन्यातून एकदा करावी, नाहीतर गोळीकडे वळावं.

फिप्रोनिलच्या जोडीला मेथोप्रीन असलेली नळी थोड्या जास्त पैशांत मिळते. मेथोप्रीन हे कीटकांच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतं, त्यामुळे अंड्यातून अळी नीट बाहेरच येत नाही. वरची पन्नास टक्के अंड्यांची गोष्ट आठवा. तिथेच हे औषध घाव घालतं. पिसवांनी भरलेल्या घरात पैशाला पैसा परत देणारी जोडी कुठली असं विचारलं, तर माझं उत्तर हेच. वेष्टनावर फिप्रोनिल ९.८ टक्के आणि मेथोप्रीन ८.८ टक्के असं लिहिलेलं असतं, ते वाचून घ्यावं.

इमिडाक्लोप्रिड हे दुसरं जुनं थेंबांचं औषध. पिसवांवर वेगवान, गोचिडांवर निरुपयोगी. म्हणून ते पर्मेथ्रिनबरोबर जोडून विकतात, आणि इथे मांजरवाल्या घरांनी कान टवकारले पाहिजेत. पर्मेथ्रिन कुत्र्याला चालतं, मांजराला विष आहे. मांजराच्या यकृताला ते पचवून बाहेर टाकता येत नाही. थरथर, झटके आणि मरण ओढवतं. कुत्र्याची नळी मांजराला लावणं तर सोडाच, नुकतेच थेंब टाकलेल्या कुत्र्याला बिलगून झोपणारं मांजरही धोक्यात येतं. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन, सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन असलेलं काहीही आणू नये. ससा पाळला असेल तर त्याला फिप्रोनिल वर्ज्य.

२०१३ नंतर सगळं चित्र बदललं ते गोळ्यांनी. अफॉक्सोलॅनर, फ्लुरालॅनर, सॅरोलॅनर ही एकाच कुळातली औषधं, नेक्सगार्ड, ब्रॅव्हेक्टो, सिंपारिका या नावांनी विकली जातात. कुत्रं ती खाऊसारखी चघळतं, औषध रक्तात उतरतं आणि चावलेली पिसू काही तासांत मरते. अंघोळ, पाऊस, पोहणं कशाचाही परिणाम नाही. पिसवा आणि गोचीड दोन्हींवर ती आज मिळणाऱ्या औषधांत सर्वांत भरवशाची आहेत. अफॉक्सोलॅनर महिन्याला द्यायचं, फ्लुरालॅनर बारा आठवड्यांना, तेही भरल्या पोटी, म्हणजे अंगी लागतं. मध्यम कुत्र्याला महिन्याची गोळी साधारण सातशे ते हजाराच्या आसपास जाते. तीन महिन्यांच्या गोळीची रक्कम मोठी दिसते, पण तिला तीनने भागून मग तुलना करावी. बऱ्याच वेळा ती महिन्याच्या गोळीपेक्षा स्वस्त निघते. मोठी गोळी आणून दोन कुत्र्यांत मोडून वाटण्याची कल्पना अनेकांना सुचते. ती करू नये. औषध गोळीत सगळीकडे सारखंच पसरलेलं असेल याची खात्री नसते.

गोळ्यांबद्दल एक सावधगिरी खरी आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१८ मध्ये या कुळातल्या औषधांमुळे काही कुत्र्यांत थरथर, तोल जाणं, झटके दिसल्याची सूचना काढली. त्याच सूचनेत बहुसंख्य कुत्र्यांना ती सुरक्षित असल्याचंही म्हटलं होतं. ज्या कुत्र्याला आधी फिट आली असेल, त्याला डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ही गोळी देऊ नये. बाकीच्यांनी एका भयंकर मेसेजवर विश्वास ठेवून औषध सोडू नये. टिक फीवरने मरणारी कुत्री त्याहून कितीतरी जास्त आहेत.

पट्टे, पावडरी आणि साबण यांच्यावर फार वेळ घालवायला नको. साबण किंवा शाम्पू त्या दिवशी अंगावरच्या पिसवा काढतो, दुसऱ्या दिवशी त्याचा अंमल संपतो. खूप पिसवा असतील तर पहिली अंघोळ म्हणून तो चांगला, उपचार म्हणून नाही. पावडर चाटली जाते आणि घरभर उडते. पट्ट्यांत प्रोपॉक्सर असलेले अनेक जुने प्रकार अजून मिळतात. अमेरिकेत २०१४ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने उत्पादकांशी करार करून असे पट्टे बाजारातून काढायला लावले, कारण कुत्र्याच्या गळ्यात पडणाऱ्या लहान मुलांना त्याचा धोका दिसला. रांगतं मूल असलेल्या घरात मी असा पट्टा सुचवणार नाही. मळ्यात राहणाऱ्या, अंगाला हात लावू न देणाऱ्या राखणीच्या कुत्र्याला तो उपयोगी पडू शकतो.

आता ज्याने सर्वांत जास्त नुकसान होतं त्याकडे. गोठ्यात बाटली असतेच: सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, अमित्राझ. गाईला लावतो, मग कुत्र्याला का नको? कारण ती अतितीव्र द्रावणं असतात. लिटरमागे दोन-चार मिली इतकी पातळ करायची असतात, आणि अंदाजाने टोपण ओतलं की कुत्र्याच्या वजनाला ती मात्रा झेपत नाही. त्यात कुत्रं अंग चाटतं, गाय इतकं चाटत नाही. अमित्राझ तर पिसवांवर फारसं चालतच नाही. ते गोचीड आणि खरजेच्या किड्यांसाठी आहे आणि लहान पिल्लांना देऊच नये. शेतात फवारायची कीटकनाशकं याहून वाईट. डायक्लोरव्हॉस, म्हणजे ज्याला खेडोपाडी नुवान म्हणत, ते केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झालं, तरी जुन्या बाटल्या माळ्यावर सापडतात. ते कुत्र्याला लावणं म्हणजे विष देणंच. लाळ गळायला लागली, अंग थरथरलं, पाय लुळे पडले तर साबणाच्या पाण्याने अंग धुवा आणि बाटली बरोबर घेऊन डॉक्टरांकडे पळा. बाटली महत्त्वाची, कारण नुवानसारख्या विषावर अ‍ॅट्रोपिन चालतं, सायपरमेथ्रिनच्या झटक्यांवर वेगळी औषधं लागतात.

आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन हाही असाच एक रूढ झालेला प्रकार. स्वस्त आहे, जनावरांच्या जंतांवर उत्तम आहे, आणि त्याच्या शोधाला २०१५ चं नोबेल मिळालं. पण पिसवांवर ते नीट काम करत नाही. कोली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड अशा जातींत एका जनुकातल्या दोषामुळे मोठी मात्रा थेट मेंदूत शिरते आणि कुत्रं बेशुद्ध पडतं. पिसवांसाठी कुणी हे इंजेक्शन सुचवलं तर नम्रपणे नकार द्यावा.

घरगुती उपायांबद्दल मला आदर आहे, पण त्यांची यादी गाळून घेतली पाहिजे. कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी, वेखंडाची पूड, करंजेल यांनी कीटक थोडे दूर राहतात, कातडीला आराम मिळतो. मात्र जमलेल्या पिसवा यांनी मरत नाहीत. म्हणून औषधाच्या जोडीला चालेल, औषधाऐवजी नाही. सीताफळाच्या बियांची पूड खेड्यात उवांवर वापरतात. ती डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते, आणि कुत्रं खाजवताना ती डोळ्यात जाणारच. लसूण खायला घालण्याचा सल्ला तर घातक आहे. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, आणि पिसवांनी आधीच रक्त आटलेल्या पिल्लाला त्याने जास्तच अशक्तपणा येतो. रॉकेल कातडी भाजतं, तंबाखूच्या पाण्यातलं निकोटिन अंगात भिनतं, अंथरुणाखालच्या डांबरगोळ्या विषारी असतात, फिनेलने धुतलं तर ते कुत्र्याच्या जिभेवाटे पोटात जातं. हे सगळे उपाय प्रेमापोटी केले जातात, म्हणून ते थांबवताना घरच्यांना दोष न देता औषधाची खरी किंमत सांगावी. कित्येकांना एवढंच वाटत असतं की खरं औषध आपल्याला परवडणारच नाही.

घराची बाजू मात्र पूर्णपणे स्वस्तात होते. कुत्र्याचं पोतं, गोधडी, चादर आठवड्यातून एकदा कढत पाण्यात धुवावी आणि कडक उन्हात उलटीपालटी करून वाळवावी. धुता येत नाही ते गच्चीवर उन्हात टाकावं. सोफ्याच्या फटी, पलंगाखालचा भाग, जिन्याखालची अडगळ रोज झाडावी आणि कचरा पिशवीत बांधून लगेच बाहेर टाकावा. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर फारच बरं, कारण त्याच्या कंपनाने कोषातल्या पिसवा बाहेर येतात आणि औषध लावलेल्या कुत्र्यावर चढून मरतात. याच कारणासाठी औषध लावलेल्या कुत्र्याला नेहमीच्या जागी झोपू द्यावं. त्याला अंगणात बांधलं तर घरातल्या पिसवा तुमच्यावर येतील. फरशीच्या फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवणं हा एकदाच करायचा आणि अनेक वर्षं पुरणारा खर्च आहे. सगळं करूनही तिसऱ्या महिन्यात पिसवा दिसल्या तर पेस्ट कंट्रोलवाल्याला नुसता झुरळांचा फवारा न मारता पायरिप्रॉक्सिफेनसारखं वाढ रोखणारं औषध वापरायला सांगावं.

घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना एकाच दिवशी, प्रत्येकाला त्याचं त्याचं औषध द्यायचं, हे गणितातलं शेवटचं कलम. एक राहिलं तर त्याच्या अंगावर सगळी पैदास चालू राहते. आठ आठवड्यांखालच्या पिल्लांना बहुतेक थेंब आणि गोळ्या चालत नाहीत. त्यांच्यासाठी लिखांची फणी, साबणपाण्याची वाटी आणि कोमट पाण्याची पटकन अंघोळ. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टर. फिप्रोनिलचा फवारा अगदी लहान पिल्लांनाही चालतो, पण मात्रा डॉक्टरांनी ठरवावी. गाभण किंवा पाजणारी कुत्री असेल तर तेच. आणि पिसवा गेल्या की टेपवर्मसाठी प्राझिक्वांटेल असलेलं जंताचं औषध एकदा द्यावं; शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसत असतील तर नक्कीच.

थेंब लावलेल्या कुत्र्याला काही दिवस विहिरीच्या, तळ्याच्या, ओढ्याच्या पाण्यात उतरू देऊ नये, ही गोष्ट आपल्याकडे कुणी सांगत नाही. इंग्लंडमधल्या वीस नद्यांच्या पाण्याच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळजवळ प्रत्येक नमुन्यात फिप्रोनिल सापडलं, आणि पाळीव जनावरांची औषधं हा त्याचा मोठा उगम असावा असं संशोधकांनी म्हटलं. पाण्यातल्या किड्यांना ते फार थोड्या प्रमाणातही मारतं. पोहायला जाणाऱ्या कुत्र्यासाठी गोळी बरी, मग ती महाग असली तरी.

तर कुणी काय घ्यावं? फ्लॅटमधलं एकच कुत्रं, फक्त पिसवा, मांजर नाही: भारतीय बनावटीची फिप्रोनिल-मेथोप्रीनची नळी, तीन महिने. पिसवा आणि गोचीड दोन्ही, किंवा टिक फीवर होऊन गेलेलं कुत्रं: गोळी, आणि त्यासाठी दुसरा खर्च कमी करावा लागला तरी करावा. अ‍ॅलर्जीने पाठ सोलवटलेलं कुत्रं: गोळी आणि डॉक्टर, दोन्ही. औषध घेताना वेष्टनावर द्रव्याचं नाव, टक्केवारी, वजनाचा टप्पा आणि मुदत पाहावी. निम्म्या किमतीत मिळणारी ब्रँडेड गोळी संशयास्पदच समजावी. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात किंवा परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी तपासणी खूप कमी खर्चात होते, आणि खरूज की पिसवा हा घोळ तिथे सुटला तर चुकीच्या औषधाचे पैसे वाचतात.

राहिली गल्लीतली कुत्री. आपल्या कुत्र्याच्या अंगावर आज चढणारी पिसू बहुधा इमारतीच्या पार्किंगमध्ये झोपणाऱ्या कुत्र्याच्या कोपऱ्यातून आलेली असते. त्यांना पकडून थेंब लावणं सोपं नसतं, पण खाऊ घालणाऱ्या माणसाच्या हातून ती चपातीत गुंडाळलेली गोळी घेतात. बारा आठवडे टिकणारी गोळी इथे सर्वांत किफायतशीर आहे. एका सोसायटीतल्या चार-पाच कुत्र्यांसाठी पावसाळ्याच्या तोंडाला आणि दिवाळीच्या आसपास अशा दोन फेऱ्या केल्या, तर त्याचा खर्च तिथल्या पाळीव कुत्र्यांच्या मालकांनी वाटून घेतल्यास प्रत्येकाच्या स्वतःच्या औषधाच्या बिलातूनच निघतो. प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि रेबीजची लस देण्यासाठी ही कुत्री पकडून काही दिवस ठेवली जातात. तेव्हा त्यांचं वजन घेतलेलं असतं, डॉक्टर समोर असतो. नगरपालिकांनी त्याच वेळी एक गोळी द्यायची तरतूद निविदेत घालावी, आणि ज्यांच्या वॉर्डात हे काम चालू आहे त्यांनी नगरसेवकाकडे ते लेखी मागावं.